हिवाळ्यात रेनडिअरवाल्या दुखांकडे जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर मंगोलियात, रशियाच्या सीमेला टेकलेल्या तैगाच्या जंगलात दुखा लोक रेनडिअर पाळतात. हिवाळ्यात त्यांच्याकडे जाऊन राहावं असं वाटणाऱ्यांचे प्रश्न सतत येतात, आणि बरेचसे तेच ते असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. क्रम साध्या शंकांपासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. दुखा म्हणजे कोण? काही ठिकाणी 'त्साआतान' असं नाव वाचलं. हे दोन वेगळे समाज आहेत का?

एकच समाज. ते स्वतःला दुखा म्हणवतात, बाकीचे मंगोल त्यांना त्साआतान म्हणजे 'रेनडिअरवाले' म्हणतात. दोन्ही नावं चालतात. हे मूळचे सीमेपलीकडच्या, आता रशियात असलेल्या तुवाकडचे लोक. त्यांची भाषा मंगोल कुळातली नसून तुर्की कुळातली आहे आणि तुवा भाषेला जवळची आहे. १९४४ मध्ये तुवा सोव्हिएत संघात विलीन झालं. जनावरं सरकारजमा होतील, माणसं सैन्यात ओढली जातील, या भीतीने त्या काळात बरीच कुटुंबं डोंगर ओलांडून मंगोलियाच्या बाजूला आली. मंगोलियाचं नागरिकत्व त्यांना १९५० च्या दशकात मिळालं.

आज हा काहीशे माणसांचाच समाज आहे. खुव्सगुल प्रांतातल्या त्सागान्नूर तालुक्यात, पूर्व तैगा आणि पश्चिम तैगा अशा दोन भागांत त्यांची वस्ती आहे. म्हातारी माणसं दुखा बोलतात. मुलांच्या तोंडी मात्र मंगोल भाषाच जास्त असते, कारण शाळा मंगोल भाषेत आहे.

२. ते खरंच अजून भटके आहेत, की पर्यटकांसाठी तंबू ठोकून बसतात?

भटके आहेत, पण आपल्या डोक्यातल्या चित्राप्रमाणे नाहीत. रेनडिअरचा मुख्य चारा म्हणजे दगडफूल जातीची शेवाळासारखी वनस्पती. ती फार हळू वाढते, एकदा चरलेली जागा पुन्हा भरायला वर्षं लागतात, म्हणून मुक्काम हलवावाच लागतो. उन्हाळ्यात उंचावर, गार वाऱ्याच्या जागी. हिवाळ्यात खाली, झाडीच्या आडोशाला. हिवाळ्यात काही कुटुंबं लाकडी ओंडक्यांच्या खोपटात राहतात, काही तंबूतच. शाळेच्या वयाची मुलं त्सागान्नूरच्या वसतिगृहात असतात. कित्येकदा आईही मुलांसोबत गावात राहते आणि बाप किंवा मोठा भाऊ कळपाजवळ असतो.

तंबूवर सौर पॅनेल दिसेल, आत छोटा टीव्ही दिसेल, तरुणांच्या हातात स्मार्टफोन दिसेल. ते पाहून 'अस्सल नाही' असं म्हणत परतणारे पाहुणे मला अजिबात समजत नाहीत. उणे पस्तीसमध्ये कळप राखणाऱ्या माणसाने रात्री बातम्या पाहू नयेत, असा नियम कोणी केला?

३. म्हणजे आपल्या धनगरांसारखेच का?

हा प्रश्न महाराष्ट्रातून हमखास येतो. जनावरांच्या चाऱ्यामागे वर्षाचं गणित आखायचं, इतकं साम्य आहे. पुढे फरकच जास्त. धनगर पावसाळा संपला की माणदेशासारख्या कोरड्या भागातून कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्याकडे निघतात, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात आणि खताच्या बदल्यात धान्य-पैसा घेतात. शेतकऱ्याशी असलेलं नातं हाच त्या फिरस्तीचा पाया आहे. दुखांच्या वाटेवर शेतकरीच नाही. त्यांचं घेणं-देणं गावच्या दुकानाशी, आणि अलीकडे पाहुण्यांशी. दुसरं, मेंढी मांसासाठी आणि लोकरीसाठी असते. दुखांचा रेनडिअर मुख्यतः बसायला, ओझं वाहायला आणि दुधाला असतो (मांसाबद्दल प्रश्न १२).

४. उन्हाळ्यात जाणं सोपं आहे ना? मग हिवाळ्यातच कशाला?

सोपं आहे, आणि पहिल्यांदाच मंगोलियाला जाणाऱ्याने उन्हाळ्यातच जावं असं मी सांगते. पण हिवाळ्याचा एक मोठा फायदा आहे. उन्हाळ्यात वाटेतल्या दरखाद खोऱ्यातली दलदल आणि नद्या गाड्यांना गिळतात. हिवाळ्यात तेच सगळं गोठून रस्ता होतं आणि गाडी बरीच आत जाते. डास नसतात, गर्दी नसते. रेनडिअरही थंडीचंच जनावर आहे. दाट अंगकेस, खुराच्या कडा धारदार झालेल्या, बर्फ उकरून खालचा चारा काढण्यात तरबेज. त्यांच्या डोळ्यांच्या आतला परावर्तक थर उन्हाळ्यात सोनेरी असतो, हिवाळ्यात निळा होतो.

महिना निवडायचा तर मार्चचा पूर्वार्ध. दिवस अकरा-बारा तासांचा असतो, बर्फ अजून भक्कम असतो आणि दुपारी ऊन लागतं. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यातले निम्मे गाडीत जातात. बहुधा फेब्रुवारीत त्सागान सार, म्हणजे चांद्र नववर्ष, येतं. तारीख दर वर्षी बदलते. त्या आठवड्यात ड्रायव्हर घरी जातात, दुकानं बंद असतात. एखाद्या कुटुंबाने स्वतःहून बोलावलं असेल तरच त्या काळात जा. एप्रिलच्या मध्यापासून बर्फ फसवा होतो, आणि पुढे माद्या विण्याचा हंगाम सुरू होतो. तेव्हा जाऊ नका.

५. थंडी नक्की किती? लडाखला जानेवारीत राहिलोय, जमेल ना?

लडाखचा अनुभव उपयोगी आहे, पण पुरेसा नाही. दरखाद खोरं मंगोलियातल्या सर्वांत थंड जागांपैकी आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उणे पस्तीस-चाळीस ही तिथे बातमी नसते, कधी पारा त्याहूनही खाली जातो. मार्चमध्ये रात्री उणे वीस ते तीस, दुपारी उणे दहाच्या आसपास. गंमत म्हणजे जड थंड हवा खोऱ्यात साचते, म्हणून वरच्या जंगलातला मुक्काम बऱ्याचदा खालच्या त्सागान्नूर गावापेक्षा थोडा उबदार असतो. उंचीचा त्रास लडाखसारखा होत नाही.

झेपण्याचं म्हणाल तर तब्येतीइतकाच स्वभाव महत्त्वाचा. बूट घालायला दहा मिनिटं, पाणी प्यायचं तर आधी बर्फ वितळवायचा, सगळं हळू चालतं. घाईच्या माणसाला त्याचाच जास्त त्रास होतो.

६. पोचायचं कसं?

मुंबई किंवा दिल्लीहून उलानबातर. सोल, हाँगकाँग, इस्तंबूल अशा ठिकाणी विमान बदलण्याचे पर्याय मिळतात. वाट चीनमधून असेल तर तिथल्या ट्रान्झिटचे नियम आधी पाहा. उलानबातरचा नवा विमानतळ २०२१ पासून सुरू आहे, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. शहरात एक-दोन रात्री लागतातच, परवान्यासाठी आणि कपड्यांसाठी. हिवाळ्यात कोळशाच्या धुराने तिथली हवा फार वाईट असते. दमा असलेल्यांनी मुक्काम लांबवू नये.

पुढे मोरोन, खुव्सगुल प्रांताचं मुख्य ठिकाण. विमानाने दीड तास, डांबरी रस्त्याने सुमारे सातशे किलोमीटर. मोरोनपासून त्सागान्नूर तीनशेच्या आत-बाहेर किलोमीटर, पण ही खरी परीक्षा. ओलीन दवा नावाची खिंड, तिथे रांगेने तेरा ओवो, म्हणजे दगड-लाकडांचे पूजेचे ढीग. मग उलान ऊल गाव आणि पुढे खोरं. पूर्ण दिवस जातो, कधी त्याहून जास्त. गाडी बहुधा जुन्या रशियन धाटणीची उंच व्हॅन, तिला तिथे फुर्गोन म्हणतात. सकाळी ड्रायव्हर इंजिनाखाली ब्लोटॉर्च धरून ते गरम करताना दिसला तर घाबरू नका. ती तिथली रोजची पद्धत आहे.

त्सागान्नूरहून कळपापर्यंत गोठलेल्या नदीवरून जमेल तितकी गाडी, नंतर घोडा. किती तास ते त्या आठवड्यात मुक्काम कुठे आहे यावर ठरतं. आधीपासून कोणी नक्की आकडा सांगत असेल तर तो अंदाज समजा.

७. व्हिसाशिवाय आणखी कोणते परवाने लागतात?

भारतीय पासपोर्टवर मंगोलियाचा व्हिसा लागतो. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून तिकिटाआधी दूतावासाची ताजी सूचना वाचा.

लोक विसरतात तो दुसरा कागद, सीमाक्षेत्र परवाना. त्सागान्नूर आणि तैगा रशियाच्या सीमेलगत येतात. परदेशी माणसाला तिथे सीमारक्षण विभागाची लेखी परवानगी लागते. ती उलानबातरमध्ये स्थानिक संस्थेमार्फत काढणं सोयीचं. वाटेतल्या चौकीवर ती तपासली जाते आणि नसेल तर परत पाठवतात, मग तुम्ही सातशे किलोमीटर आला असाल किंवा सात हजार. शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या धरून दिवस मोजा. शिवाय हा भाग संरक्षित क्षेत्रात मोडत असल्याने प्रवेशशुल्क असतं. पावती जपून ठेवा.

८. मी एकटी बॅग घेऊन फिरते. गाइडशिवाय गेले तर?

हिवाळ्यात नको. एकटं फिरण्याच्या मी विरोधात नाही, पण इथे अडचण तुमच्या धाडसाची नाही. तुम्ही वाट चुकलात तर शोधायला तेच लोक कळप सोडून निघणार. त्यांना लांडग्यांची भीती असते, दिवस लहान असतो, आणि घोडे दमलेले असतात. गाइड-दुभाषा आणि घोड्यांचा वाटाड्या, दोघंही हवेत. वाटाड्या त्सागान्नूरचा किंवा तैगातलाच असलेला बरा.

एक तांत्रिक धोकाही आहे. कडाक्याच्या थंडीत नदी तळापर्यंत गोठत आली की खालचं पाणी फुटून बर्फावर येतं आणि त्यावर पुन्हा पातळ पापुद्रा धरतो. वरून ती जागा पांढरी, कोरडी दिसते. पाय आत गेला, बूट भिजला, की उणे तीसमध्ये तो अपघातच. ही जागा ओळखणारी नजर स्थानिक माणसाकडेच असते.

९. कपडे काय आणि कुठून घ्यायचे? सगळं पुण्या-मुंबईतून नेऊ का?

अंगालगतचे दोन जोड लोकरीचे किंवा चांगल्या थर्मलचे इथूनच न्या. सुती बनियन, सुती मोजे घरीच ठेवा. घामाने ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगाची ऊब खाऊन टाकतात. त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर पिसांचं जाड जॅकेट, वर वारा अडवणारा थर. हातात पातळ मोजे आणि त्यावर चारही बोटं एकत्र राहतील असे जाड मोजे.

बूट मात्र उलानबातरमध्ये घ्या. नारान तूल बाजारात नमद्याचे बूट, मेंढीच्या कातड्याचं अस्तर असलेला देल (मंगोल डगला), कान झाकणारी टोपी, सगळं मिळतं आणि तिथल्या थंडीसाठीच बनवलेलं असतं. बूट एक माप मोठा घ्या. पाय घट्ट बसला की रक्त फिरत नाही, आणि पायाची बोटं सर्वांत आधी जातात. त्या बाजारात खिसेकापू आहेत, पाकीट आतल्या खिशात.

चष्मा धातूच्या फ्रेमचा असेल तर गालाला चटका बसतो, प्लॅस्टिकचा बरा. कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी गोठतं.

१०. तंबूत झोपायचं म्हणजे कसं? बाथरूमचं काय?

त्यांच्या तंबूला ओर्त्स म्हणतात. उंच लाकडी खांबांचा शंकू आणि वर कापड, पूर्वी झाडाची साल आणि कातडी असायची. मधोमध पत्र्याची चूल, तिचं धुराडं वरून बाहेर. चूल पेटली की आत सदऱ्यावर बसता येतं. विझली की अर्ध्या तासात आतलं आणि बाहेरचं तापमान जवळजवळ सारखं. रात्री कोणीतरी उठून लाकूड घालतं. तुम्हीही घाला, पण त्यांना विचारून, कारण लाकूड तोडणं हे तिथलं मोठं काम आहे. दिवसा ते वाहायला मदत केलीत तर भाषा येत नसतानाही पाहुण्याची किंमत वाढते.

स्लीपिंग बॅग विकत घेताना त्यावरचा 'कम्फर्ट' आकडा बघा, 'एक्स्ट्रीम' नव्हे. दुसरा आकडा जिवंत राहण्याचा आहे, झोपण्याचा नाही. गरम पाण्याची बाटली पायाशी घ्या. उद्याचे मोजे, बॅटऱ्या, ओले पुसके, सगळं बॅगेच्या आत.

शौचाला झाडांमागे, तंबू आणि पाण्याच्या जागेपासून लांब, कुटुंब दाखवेल तिकडे. कागद परत आणायची पिशवी ठेवा. आंघोळ विसरा, मोरोनला परतल्यावर. मासिक पाळीची तारीख येत असेल तर कप किंवा पॅड जे सवयीचं असेल तेच न्या, नवा प्रयोग तिथे करू नका. वापरलेलं सगळं बंद पिशवीत परत आणा. चुलीत टाकू नका, कारण प्रश्न १४ मध्ये.

११. मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उपाशी नाही, कंटाळाल. त्यांचं हिवाळ्यातलं जेवण म्हणजे मांस, मैद्याचे घरगुती नूडल, राखेत किंवा तव्यावर भाजलेली जाड रोटी, बोर्त्सोग म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे आणि मीठ घातलेला दुधाचा चहा. रेनडिअरचं दूध फार घट्ट असतं, पण हिवाळ्यात ते आटतं. साठवलेलं असेल तर चहापुरतं. त्यामुळे 'दूध-पनीरवर भागवू' हा बेत चालणार नाही.

शिधा स्वतःचाच न्या, मांसाहारी असलात तरी. हिवाळ्यात पाहुणा म्हणजे वाढीव तोंड आणि दुकान एका दिवसाच्या अंतरावर. तांदूळ, मसूर मोरोनला मिळतात. इथून मेतकूट, भाजलेलं पिठल्याचं पीठ, थालीपिठाची भाजणी, सुकी चटणी आणि तूप न्या. गरम भात, मेतकूट आणि तूप यापुढे त्या थंडीत काही सुचत नाही. तूप सढळ हाताने खा, शरीर मागतं. गुळाची चिक्की मात्र गोठून दगड होते, दात सांभाळा, आधी खिशात गरम करा. सगळ्यांना पुरेल इतकं शिजवा. एकट्याचा वेगळा डबा उघडून बसणं तिथे विचित्र दिसतं.

मांसाच्या भांड्यात शिजवलेलं चालत नसेल तर छोटं पातेलं आणि डाव सोबत ठेवा. चूल मात्र एकच असते, त्याची मनाची तयारी हवी.

१२. ते रेनडिअरचं मांस खातात का? आणि शिकार?

रेनडिअर ते क्वचितच कापतात, म्हातारं किंवा जखमी जनावर असेल तेव्हा. कळप लहान आहेत आणि जनावर जिवंत असण्यातच त्यांचा फायदा. १९९० नंतर सरकारी शेती मोडली, पशुवैद्य येईनासे झाले, आणि एकूण संख्या एक हजाराच्याही खाली गेली. आता ती पुन्हा वाढली आहे.

शिकार हा त्यांच्या जगण्याचा जुना आधार होता. तेंगिस-शिशगेद राष्ट्रीय उद्यान २०११ मध्ये झालं आणि शिकारीवर, काही चराईच्या जागांवर बंधनं आली. सरकार तैगातल्या कुटुंबांना मासिक भत्ता देतं, तरी हा विषय दुखरा आहे. मला त्यांची बाजू पटते, जंगल राखणाऱ्यांचीही पटते, आणि दोन रात्रींच्या पाहुण्याने यात निवाडा देऊ नये. शिकारीबद्दल खोदून विचारू नका. चुकून काही दिसलं तर फोटो काढू नका, समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नका. त्यातून एखाद्याला दंड होऊ शकतो.

१३. रेनडिअरवर बसता येईल का?

वजन कमी असेल आणि मालक हो म्हणाला तरच. दुखांचा रेनडिअर घोड्याहून बराच लहान. खोगीर पाठीच्या मधे नसतं, खांद्यांच्या जवळ असतं, कारण मधली पाठ नाजूक. हिवाळ्याच्या शेवटी जनावर आधीच रोडावलेलं असतं. भरलेल्या अंगाच्या प्रौढांनी आग्रह धरू नये. मालक संकोचाने नाही म्हणत नाही, म्हणून आपणच समजून घ्यावं. चार पावलं बसून फोटो काढण्यापेक्षा पहाटे कळपाकडे जाताना मागोमाग चाला. पायाच्या सांध्यातला स्नायूबंध सरकताना होणारा टिकटिक आवाज पूर्ण कळपाचा एकदम ऐकू येतो.

मिठासाठी ते हात चाटतात. लघवीच्या जागीही धावत येतात, तेव्हा सावध असा. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात. मोठ्या नरांची शिंगं हिवाळ्याच्या सुरुवातीलाच गळतात, माद्यांची वसंतापर्यंत टिकतात. म्हणजे हिवाळ्याच्या मध्यावर फोटोत भरगच्च शिंगं दिसतात ती बहुधा मादीची.

१४. घरात गेल्यावर कसं वागायचं?

वस्तीजवळ येताना कुत्रा आवरायला हाक देतात: 'नोखोई खोर!' तंबूपाशी थांबा, कुत्री बांधली गेली की आत. वाकून आत शिरल्यावर डावीकडून जा, दारासमोरची मागची जागा मानाची, बोलावल्याशिवाय तिथे बसू नका. चहा उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्या, प्यायचा नसला तरी ओठाला लावा. पाय चुलीकडे पसरू नका.

सर्वांत मोठी गोष्ट अग्नी. चुलीत कचरा, थुंकी, पाणी, प्लॅस्टिक काहीही नाही. अग्नीला पवित्र मानण्याची सवय आपल्याला वेगळी शिकवायला नको, पण बिस्किटाचं वेष्टन सहज चुलीत टाकणारी आपलीच माणसं मी पाहिली आहेत.

१५. भेट काय न्यावी?

पीठ, तांदूळ, चहा, मीठ, साखर, मेणबत्त्या, बॅटऱ्या, चांगले लोकरी हातमोजे. हिवाळ्यात सफरचंद-गाजर-कांदा यांचं मोल सर्वांत जास्त, मोरोनला घ्या आणि गाडीत गोठू नयेत म्हणून गुंडाळा. दारू कधीही नको, वाटाड्याने सुचवली तरी नको. त्या पायी घरं मोडलेली आहेत. मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटत सुटू नका, दंतवैद्य फार लांब आहे. भेट घरातल्या मोठ्या बाईच्या हातात द्या, ती वाटणी करते. भेट दिली म्हणून राहण्याचे पैसे चुकत नाहीत, ते प्रश्न १८ मध्ये.

१६. शमन विधी बघायला मिळेल का?

दुखांमध्ये शमन, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारे भगत, आहेत आणि विधी अजून होतात, कुटुंबाच्या गरजेने, रात्री, ठरलेल्या तिथीला. 'कार्यक्रम' म्हणून त्याची मागणी करू नका. पैसे घेऊन दाखवणारं कोणी भेटलं तर तुम्ही काय पाहताय ते समजून घ्या. कोणी आपणहून बसू दिलं तर कॅमेरा आणि फोन बाहेर ठेवा.

१७. सोबत सत्तरीची आई येते म्हणतेय / मुलगी आठ वर्षांची आहे / मला मधुमेह आहे. नेऊ का, जाऊ का?

वयापेक्षा हे पाहा: मोरोनचं रुग्णालय एक पूर्ण दिवस लांब आहे, त्सागान्नूरमध्ये छोटं आरोग्यकेंद्र, आणि तैगातून तिथवर घोडा. हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया, न आटोक्यातला दमा किंवा गरोदरपण असेल तर हिवाळ्यात नको. आईची हौस असेल तर जुलैमध्ये न्या. मुलं थंडीत लवकर गार पडतात आणि सांगत नाहीत. आठव्या वर्षी मी नेणार नाही.

इन्सुलिन एकदा गोठलं की निकामी. ते अंगालगतच्या पाकिटात, रात्री स्लीपिंग बॅगेत. साखर मोजण्याचं यंत्रही थंडीत चुकतं किंवा बंद पडतं, आधी गरम करा. बाकी औषधं दुप्पट न्या, दोन वेगळ्या बॅगांत. हवाई सुटका धरणारा प्रवास विमा घ्या, आणि पॉलिसीत घोडेस्वारी वगळलेली नाही ना ते वाचा.

१८. खर्च कशात जातो? पैसे कुणाला द्यायचे?

सर्वांत मोठा वाटा गाडी आणि इंधनाचा, म्हणून तीन-चार जण मिळून गेलात तर फरक पडतो. मग गाइड, वाटाड्या, घोडे, राहणं. कुठल्याही संस्थेकडून जाताना एकच प्रश्न लेखी विचारा: यजमान कुटुंबाला रात्रीमागे किती मिळणार आणि केव्हा? गुळमुळीत उत्तर देणारी संस्था सोडा. मी तर कुटुंबाचे पैसे शक्यतो त्यांच्याच हातात देते. रोख तुग्रिक मोरोनलाच काढून ठेवा, सुट्ट्या नोटांसह. कोरीव शिंगाच्या वस्तू तिथे विकत मिळतात. घासाघीस करू नका. कच्चं शिंग, कातडी, मांस मात्र आणू नका, विमानतळावरचे प्रश्न कोण सोडवणार?

१९. मोबाइल, कॅमेरा, ड्रोन?

त्सागान्नूर गावात नेटवर्क मिळतं, तैगात धरून चालू नका. गटात एक उपग्रह फोन किंवा संदेशयंत्र असावं. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, आळीपाळीने वापरा. कॅमेरा तंबूत नेताना आधी बंद पिशवीत घाला आणि तासभर तसाच ठेवा, नाहीतर भिंगावर आणि आत पाणी धरतं. ड्रोन सीमाभागात विनापरवाना नाहीच. शिवाय कळप बिथरतो.

२०. नॉर्दर्न लाइट्स दिसतील?

त्या आशेने जाऊ नका. त्सागान्नूर साधारण ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, ध्रुवीय वर्तुळाच्या बरंच खाली. तारे मात्र पोटभर.

२१. खुव्सगुल तलावाच्या काठी रेनडिअर असतात म्हणे. तिथेच बघून परत आलो तर?

हिवाळ्यात तलाव बघाच. मीटरभर जाड बर्फावरून गाड्या धावतात आणि मार्चच्या सुरुवातीला खत्गलजवळ बर्फमहोत्सव भरतो. पण उन्हाळ्यात पर्यटकांसाठी तलावाकाठी आणून ठेवलेल्या रेनडिअरकडे मी कुणाला पाठवत नाही. जागा सखल, उकाडा, त्यांचा चारा तिथे नाही, जनावरं आजारी पडतात. कुटुंबं ते पैशांच्या गरजेने करतात, त्यांना दोष देत नाही. पैसे द्यायचेच तर तैगात जाऊन द्या.

२२. यामालचे नेनेट्स की दुखा, काय निवडू?

दोन्ही अगदी वेगळे. सायबेरियातल्या यामालला नेनेट्सांचे हजारोंचे कळप, घसरगाड्यांचा तांडा आणि शेकडो किलोमीटरचं स्थलांतर. रेनडिअर हेच तिथलं मुख्य अन्न, कच्चं मांस आणि रक्तही, त्यामुळे शाकाहाऱ्याला तिथे फार जड जातं. वातावरणातल्या बदलांचा फटकाही मोठा. २०१३-१४ च्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडून गोठला, चारा बंद झाला आणि सुमारे ६१,००० रेनडिअर मेले. दुखांकडे सगळं लहान, घरगुती: एका तंबूत, एका चुलीपाशी, हाताशी कळप. भव्य दृश्य हवं असेल तर यामाल, माणसांजवळ बसायचं असेल तर तैगा. नॉर्वे-फिनलंडच्या सामींकडे जाणं सर्वांत सोपं, पण ते आज घरांत राहतात आणि स्नोमोबाइलवर कळप राखतात.

२३. वादळात अडकलो आणि परतीचं विमान चुकलं तर?

चुकू शकतं. म्हणून मोरोन आणि उलानबातर या दोन्ही ठिकाणी मोकळे दिवस ठेवा, आणि आंतरराष्ट्रीय तिकीट बदलता येईल असं घ्या. ड्रायव्हर 'आज नको' म्हणाला की आज नको. त्याच्याशी वाद घालणाऱ्यांची राहण्याची विनंती मी पुढे पाठवत नाही. उलट, कुटुंबालाच तातडीने मुक्काम हलवायचा असेल तर तुमचा बेत आटोपता घ्यावा लागेल. कडक झुद, म्हणजे जनावरं मारणारा हिवाळा, पडला असेल तर जाण्याआधी विचारा की पाहुणा हवा आहे का. २०२३-२४ च्या झुदमध्ये मंगोलियात सत्तर लाखांहून जास्त गुरंढोरं गेली. अशा वर्षी नकार आला तर तो रास्त आहे.

२४. काढलेले फोटो त्यांना पाठवायचे कसे?

विचारल्याबद्दल बरं वाटलं, हे फार थोडे जण विचारतात. तरुणांकडे फेसबुक असतं, गावात आले की बघतात. पण आजीबाईंना कागदावरचा फोटो हवा असतो. परतताना मोरोनला छापून घ्या, पाकिटावर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पूर्व की पश्चिम तैगा ते लिहा, आणि त्सागान्नूरला जाणाऱ्या गाडीवाल्याकडे द्या. पोचायला कधी दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने, कारण गावातून पुढे पाकीट जातं ते त्या बाजूला निघालेल्या माणसाच्या खिशातूनच.